शेवटच्या पाळीची गोष्ट

पुस्तकाच्या मागच्या पानावर ह्यांच्या परिचयात छापलंय, ‘द्रष्टे विज्ञानकथाकार’. वाचून मी अशी हसले की शेजारीण धावत आली. अहो, द्रष्टे कसले! नाकावर चष्मा असताना घरभर चष्मा शोधणारा माणूस! चरित्र लिहायचं तर मला विचारा.

नव्वदच्या दशकात आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. हे वीजकेंद्रात ऑपरेटर. पाळी करून आले की कथा लिहायचे, तीही प्लँटमधल्याच जुन्या रजिस्टरात. कथा मासिकाकडे जायची आणि परत यायची. एका संपादकांनी तर कळवलं की कथेत विज्ञान कमी आणि कोळसा जास्त आहे. त्या दिवशी हे जेवले नाहीत. “बस झालं. हातातली गोष्ट पण पुरी नाई करत,” म्हणाले. एरवी मी त्यांच्या लिहिण्यावर खेकसायची, पण तेव्हा मीही ताट बाजूला सारलं. लिहिणं सुटलं तर हा माणूस आतून विझेल, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर प्लँटच्या रद्दीत टाकायला घेऊन गेले. ऐनवेळी टाकवेना, म्हणून परत पिशवीत भरलं. दुपारी घरी येऊन पिशवी उघडली. आत निघालं पाळीचं लॉगबुक, यंत्रांचे आकडे लिहायचं! दोन्हींचे पुठ्ठे सारखेच तपकिरी.

“अरे देवा! आता मेमो येते तुमाले,” मी ओरडले आणि लुनावर मागे बसून मीही निघाले.

गेटवर दुसऱ्या पाळीचे फोरमन उभेच होते. बगलेत आमचं रजिस्टर.

“आणा ते लॉगबुक. आकडे कागदावर लिहून ठेवले आमी,” ते म्हणाले. “पण भाऊ, त्या माणसाले घरी काऊन नाई जाऊ देत तुमी?”

ह्यांच्या कथेत पुढचा काळ होता. घराघरांच्या छपरांवरच वीज तयार होते आणि आमचं केंद्र बंद पडतं. शेवटच्या पाळीचा ऑपरेटर मात्र बसूनच राहतो. कारण नियमच तसा, पुढच्या पाळीचा माणूस येऊन सही करेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आता येणार कोण? इथंच हे अडले होते.

“केंद्र बंद केलं, चालते,” फोरमन तावातावानं म्हणाले. “पण तीन पाळ्या झाल्या, उपाशी बसला न बिचारा! आत सारे भांडून राह्यले त्याच्यावरून. उद्या त्याले घरी पोचवूनच ड्युटीवर या. नाई त तुमाले सोडवाले बी कोणी येत नाई, सांगून ठेवतो!”

हे गेटवर उभ्या उभ्या हसायला लागले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना किती तरी दिवसांनी पाहिलं. मला रडूच आलं, आनंदानं.

परतताना लुना चालवता चालवता त्यांनी विचारलं, “कोण जाते व त्याले सोडवाले?”

“कोण म्हणजे? बायको जाते न त्याची! नवरा तीन पाळ्या घरी नाई आला त ती का बसून राहते? रजिस्टर ओढते, सही ठोकते, आन् म्हणते, चला, जेवा.”

ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला भर उन्हात लुनाच्या सीटवर रजिस्टर ठेवलं आणि लिहायलाच लागले. बाजूनं ट्रकमागून ट्रक धूळ उडवत जात होते. मी पदर पसरून पानावर सावली धरली.

“हळू लिहा,” मी म्हटलं. “उद्या प्लँटमधल्या साऱ्याहिले वाचता आलं पाहिजे.”