अ‍ॅडजस्टला जर्मनमध्ये काय म्हणतात?

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही हो. आमच्या क्लासच्या जिन्यात चपला साचतात ना, तसे ते साचतात. एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही, मग नीट लावावे लागतात. आज लावायला घेतलेत.

मी संगमनेरला जर्मन शिकवते. खाली नानांची पिठाची गिरणी, वर त्यांच्याच हॉलमध्ये आमचा क्लास. जर्मन व्याकरण आणि ज्वारीचं पीठ, दोन्ही एकदम अंगावर उडतं. विद्यार्थी सगळे तिकडं नोकरीला जाऊ पाहणारे.

पहिल्याच दिवशी तिघांच्या बाकावर चौघं बसलेले. तेवढ्यात कोपरगावचा बाळू आला. वायरमन, अंगानं दणकट. "सरका की वाईच, अ‍ॅडजस्ट करा!" म्हणत पाचवा बसलासुद्धा. टोकाला बसलेली सविता निम्मी बाकावर, निम्मी हवेत. तिनं तक्रार नाही केली.

मी बाळूला म्हटलं, "आता हेच जर्मनमध्ये म्हण." त्याची जिरवायला गेले आणि स्वतःच अडकले! डिक्शनरी काढली. एक शब्द मिळाला, तो मशीनसाठी. दुसरा मिळाला, तो हवामानाशी जुळवून घेणाऱ्या प्राण्यांसाठी.

बाळू म्हणाला, "मशीन झालं, जनावर झालं. मानसाचं काय, मॅडम?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." त्या 'उद्या'ला आता वर्ष होत आलंय.

* * *

नानांचं प्रेम आमच्यावर भारी. पण हॉलवर त्याहून भारी! कधी भजनी मंडळ, कधी नातीचा वाढदिवस, कधी पाहुणे. दारात उभे राहून हसत म्हणायचे, "मॅडम, आजच्या दिवस जरा अ‍ॅडजस्ट करा." की आम्ही निघालो गच्चीवर. एका बाजूला वाळत घातलेले पापड, दुसऱ्या बाजूला आम्ही.

एकदा मी फळ्यावर लिहिलं, "नाना काय म्हणाले? भाषांतर करा." सगळ्यांनी विनंतीची लांबलचक वाक्यं जुळवली. सवितानं तीनच शब्द लिहिले, त्यांचा मराठी अर्थ, "वर जा. आत्ता."

पैकीच्या पैकी मार्क दिले मी तिला.

* * *

मग आमच्याकडे खरेखुरे जर्मन पाहुणे आले, क्लाउस सर. त्यांना गोदावरी दाखवायला मी आणि बाळू काळी-पिवळी जीपनं कोपरगावला घेऊन निघालो. गाडी भरली. मग अजून भरली. मग ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "थोडं अ‍ॅडजस्ट करा, सायेब!"

"काय म्हणतो?" सरांनी विचारलं. मी शब्द शोधतेय तोवर बाळूनं त्याच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं, "तो म्हणतो, आपण सगळे एकाच घरातले."

सर एवढे विरघळले की विचारू नका! शेजारच्या आजींची पिशवी त्यांनी आपणहून मांडीवर घेतली. अर्ध्या रस्त्यात पिशवी हलायला लागली. सर जागच्या जागी ताठ, पण उतरेपर्यंत पिशवी सोडली नाही.

उतरल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कोंबडीसुद्धा त्याच घरातली का?"

* * *

त्यानंतर मला चेव आला. गृहपाठ दिला: आठवडाभर कुणी 'अ‍ॅडजस्ट कर' म्हटलं की ते लिहायचं, आणि त्याला नक्की काय म्हणायचं होतं ते जर्मनमध्ये मांडायचं. बाळूनं चार ओळी आणल्या. सवितानं अख्खी वही आणली.

सविता नर्स. लग्न होऊन सहा वर्षं झालेली. तिच्या अ‍ॅडजस्टचे अर्थ होते, "सुट्टीवर गेलेलीची ड्यूटी तूच कर." "दमलीस हे बोलू नकोस." "दिराची परीक्षा महत्त्वाची, तुझी पुढच्या वर्षी." प्रत्येक वाक्य जर्मनमध्ये अगदी बिनचूक.

मला वाचताना भरून आलं, खोटं कशाला सांगू. शेवटी बाळूच म्हणाला, "ताई, तुमी जर्मनीला जावाच. हितं लई गर्दी हाय तुमच्या अंगावर."

घरून तिला एकच इंटरव्ह्यू मंजूर झाला होता. जमला तर जर्मनी. नाहीतर सासूबाईंच्या शब्दांत, "फॅडं बास."

* * *

इंटरव्ह्यू माझ्या लॅपटॉपवर, क्लासमध्येच. त्या दिवशी नानांनी गिरणी बंद ठेवली, आपण होऊन! दळणाचे डबे घेऊन बायका जिन्यात थांबलेल्या आणि नाना ओठांवर बोट ठेवून दारात उभे. बाळू नेटचा राउटर डोक्यावर धरून खिडकीशी. मी कॅमेऱ्याच्या मागं, पदराची गाठ सोडतेय, बांधतेय.

तिकडच्या हॉस्पिटलच्या बाईंनी सगळं विचारलं. सविता फाडफाड बोलली. मग त्या म्हणाल्या, "नवा देश, थंडी, परकी माणसं. कशा जुळवून घ्याल?"

सवितानं कॅमेऱ्यामागं माझ्याकडे पाहिलं.

मग ती सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "आमच्याकडे त्यासाठी एक शब्द आहे. मी तो लहानपणापासून ऐकतेय. आमच्या मॅडम वर्षभर तो तुमच्या भाषेत शोधतायत, सापडत नाही. म्हणूनच मला तुमच्याकडे यायचंय."

बाईंनी चष्मा काढला. मग हसल्या आणि विचारलं, "कधीपासून येऊ शकाल?"

आणि आमची सविता, आनंदाच्या भरात, जर्मन बिर्मन सगळं विसरून, हात जोडून म्हणाली,

"तुमी म्हणाल तवा, मॅडम! मी करते की अ‍ॅडजस्ट!"