जयपुरातली व्हॅनिला

लग्नानंतर जयपूरला निघाले तेव्हा आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी मला व्हॅनिलाच्या वेलीचा हातभर तुकडा दिला. कोल्हापूरला कॉलेजच्या मागच्या हरितगृहात ती वेल त्यांनी स्वतः वाढवली होती. मी ऑर्किडवर एम.एस्सी. केलं होतं, आणि व्हॅनिला हे ऑर्किडच. "तिकडच्या हवेत जगेल असं वाटत नाही," बाई म्हणाल्या, "पण तू बघ." ओल्या टॉवेलात गुंडाळलेला तो तुकडा मी गाडीत मांडीवर धरून बसले. समोरच्या बाकावरून हे म्हणाले, "लोक लग्नात साड्या देतात."

यांची विम्यातली बदलीची नोकरी, ऑफिस शहरातल्या सी-स्कीम भागात. आम्ही पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, खाली घरमालक राहायचे. उन्हाळ्यात तिथे नुसती कोरडी झळ. व्हॅनिलाला दमट सावली लागते, आणि आमच्या घरात तशी जागा एकच होती, कूलरसमोरचा कोपरा. वाळ्यातून येणारा ओला वारा दिवसभर तिच्यावर यायचा. रिकाम्या तेलाच्या डब्यात माती आणि पालापाचोळा घालून मी ती लावली. हिवाळ्यात रात्री तिच्याभोवती जुनी रजई लपेटायची. हळूहळू तिनं भिंतीला मुळं रोवली आणि वर चढत खिडकीपर्यंत गेली.

मला शिकवायचं होतं. विषय काढला की हे म्हणायचे, "अगं, आज इथं, उद्या आणखी कुठं. कशाला ती दगदग?" आवाज कधी चढवायचे नाहीत. बोलून झालं की पेपर उघडायचे.

एकदा यांचे साहेब सपत्नीक जेवायला आले. साहेब परदेशात ट्रेनिंग घेऊन आलेले. ज्या पॉलिसीत जास्तीचं काहीच नाही तिला ते 'प्लेन व्हॅनिला' म्हणायचे, आणि ऑफिसात सगळ्यांनी तो शब्द उचलला होता. शेवटी मी घरी केलेलं आइस्क्रीम दिलं. साहेबांच्या बायकोनं विचारलं, "कौनसा फ्लेवर है?" मी सांगितलं, व्हॅनिला. त्यावर हे एकदम खुलले. "मॅडम, हमारे घर में सब प्लेन व्हॅनिला है. वाइफ भी. कोई झंझट नहीं."

साहेब मोठ्यांदा हसले. मीसुद्धा हसले. मग म्हटलं, व्हॅनिला साधी नसते, तिचं फूल वर्षातून एकदा येतं आणि सकाळी उमललेलं दुपारी मिटतं. आइस्क्रीममध्ये घातलेला बाटलीतला अर्क कारखान्यातला आहे, खरी वेल त्या कोपऱ्यात आहे. साहेबांच्या बायकोनं मान वळवून पाहिलं. "अच्छा? मैं तो मनी प्लांट समझी." ते गेल्यावर हे म्हणाले, "पाहुण्यांसमोर वर्ग कशाला घ्यायचा?"

पुढच्या वसंतात वेलीला कळ्या आल्या. पहिलं फूल उमललं तेव्हा हे दाढी करत होते. मी हाक मारली, "अहो, लवकर या, फूल आलंय!" आतून उत्तर आलं, "ऑफिसला उशीर होतोय."

आपल्याकडे या फुलाचं परागण करणारी माशी नाही, ते हातानं करावं लागतं. काडेपेटीतली काडी मी तासून ठेवली होती. फुलाच्या आत एक बारीक पडदा असतो, तो काडीनं उचलायचा आणि पराग अंगठ्यानं हलकेच दाबायचे. काडी जोरात लागली आणि पहिलं फूल फाटलं. नंतरची जमली. काही दिवसांनी फुलं सुकली, पण देठावरून गळली नाहीत, म्हणजे शेंगा धरल्या होत्या, तेव्हा मी घरात एकटीच रडले. पावसाळा सरेपर्यंत शेंगा बोटाएवढ्या जाड झाल्या.

दिवाळीच्या आधी सांगानेरच्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली. यांना न विचारता मी अर्ज केला होता. मुलाखतीला बसनं गेले, आणि तिथेच त्यांनी होकार दिला. येताना मिठाई घेतली. जिना चढले तर दारात चुन्याचे ठिपके होते. आतला कोपरा पांढराशुभ्र झाला होता. वेल गच्चीच्या पायऱ्यांवर पडली होती, तुकडे तुकडे करून, शेंगांसकट.

"मालक सकाळी वर आले होते," हे म्हणाले. "भिंतीला ओल आलीय म्हणाले. पुताईवाला चुना घेऊन आलेलाच होता, मग म्हटलं काढून टाकू."

"मी येईपर्यंत थांबता आलं नसतं?"

"वेलच होती ना? दुसरी लाव."

"शेंगा होत्या तिला."

"हिरव्या होत्या," हे म्हणाले, "मी वास घेऊन बघितला. कसलाच येत नव्हता."

ते खरं होतं. व्हॅनिलाच्या कच्च्या शेंगेला वास नसतो. पूर्ण भरल्यावर तिला गरम पाण्यातून काढून दिवसा उन्हात आणि रात्री कापडात ठेवलं की काही महिन्यांनी तो येतो. मी त्या कोवळ्या शेंगा पुसल्या, सगळं तसं केलं. त्या काळ्या पडल्या, सुरकुतल्या, आणि एक दिवस बुरशी धरून आंबट वास मारू लागल्या. मी फेकून दिल्या. तुकडे पुन्हा लावून पाहिले, ते थंडीत कुजले.

शाळेत मी रुजू झाले. यांनी अडवलं नाही. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे मी शिकवलं.

आता हे निवृत्त आहेत आणि आम्ही पुण्यात असतो. घरी कोणी आलं की हे कौतुकानं सांगतात, "त्या वाळवंटात आमच्या हिनं व्हॅनिला पिकवली होती! शेंगा धरल्या होत्या!" मागच्या खेपेला मला राहवलं नाही. पाहुण्यांसमोरच म्हटलं, "ती तोडली कोणी, तेही सांगा."

हे माझ्याकडे वळले. "तोडली? थंडीत गेली ना ती?"

चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. इतकी वर्षं मी जे गिळून होते, ते यांच्या लेखी घडलंच नव्हतं. मी पाहुण्यांना आणखी भाजी वाढली, आणि हे पुढचं सांगू लागले.