ठणकतंय, मंग बरंय

"लय ठणकतंय का?" जखमेशेजारी हाताची मागची बाजू टेकवून ती विचारायची. पेशंट "व्हय" म्हणून कण्हला, की तिचा चेहरा खुलायचा. "मंग बरंय!"

लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि ती मलमपट्टी करणारी मावशी. आपली सगळी शाळा ज्यांच्यापुढे फिकी पडते, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तुम्हाला कौतुक वाटलं असेल. मला नाही वाटलं.

खरं तर फुशारकीने मीच तिला सांगितलं होतं, की जखमेतून जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, त्यांना गिळतात. शिरा रुंदावतात, म्हणून ती लाली, ऊब, सूज, ठणका. पू म्हणजे बहुतेक त्या मेलेल्या पेशीच.

हातातला कापसाचा बोळा तसाच धरून ती ऐकत राहिली. "म्हंजी आतलं राखणदार उठल्यात की!"

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येकाला हेच सांगू लागली. लोक तिच्यासाठी थांबायला लागले, माझ्यासमोरचा बाक रिकामा. ज्ञान माझं, मान तिचा! नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा कुसगावचा एक म्हातारा आला. मधुमेहाचा. तळव्यात काटा मोडलेला, पण लाली नाही, सूज नाही, दुखतही नाही. मी आयोडीन लावून त्याला जायला सांगितलं. मावशीने पाय चाचपला.

"आबा, थांबा. हितं राखणदार उठलंच न्हाईत."

"मावशी, परीक्षा मी दिलीय!"

ती तडक डॉक्टरांना घेऊन आली. चीर दिली तर आत सडत चाललेलं. एक बोट गेलं, पाय वाचला. डॉक्टर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "हिच्याकडून शिका जरा."

त्याच आठवड्यात मी वर तक्रार धाडली, की अडाणी बाई रोगनिदान करते. तिला पट्ट्या उकळायला मागच्या खोलीत बसवलं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. काही महिन्यांनी ती सोमाटण्याला लेकीकडे निघून गेली. माझ्यासमोरचा बाक भरला, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मन खायला लागलं तोवर बरीच वर्षं गेली होती. सोमाटण्याला गेलो, तर मावशी वारलेली. लेकीने पाणी दिलं. मी लोणावळ्याच्या दवाखान्यातला, एवढंच तिला सांगितलं.

"आई कुणाच्याबी जखमंला हात लावताना म्हणायची, ह्ये मला कंपाउंडरदादांनी शिकिवलं. लय मोठ्या मनाचा माणूस, म्हणायची. तुमी वळखता त्यास्नी?"

मी तांब्या खाली ठेवला.

"नाही," म्हणालो.