दुर्गाबाईंची न्हाणी

सत्तरीच्या दुर्गाबाई राहतात अमरावतीला, राजापेठेत मुलाकडे. पण घर कुठे म्हणून विचारलं की तेल्हाऱ्याजवळच्या माळाचंच नाव सांगतात. तिथली बौद्ध वस्ती त्यांच्या तरुणपणी एका दंगलीत जाळली गेली आणि माणसं मिळेल त्या गावी पांगली. माळावर आता गवताशिवाय काही नाही. तरी दरवर्षी त्याच दिवशी सगळे तिथे जमतात, आपापलं घर जिथे होतं तिथेच बसून पिठलं-भाकरी खातात आणि गेलेल्यांची नावं घेतात. डोळे पुसून झाले की दुर्गाबाईंच्या थट्टेला ऊत येतो. नुसतं रडायचंच होतं तर घरी रडायचं, एसटीत धक्के खात कशाला यायचं, असं त्यांचं म्हणणं.

यंदा तो माळ कापसाच्या जिनिंग कारखान्यासाठी द्यायचं घाटत होतं. तिथे कधी वस्ती नव्हतीच, असं गावच्या पुढाऱ्यांनी ठोकून दिलं होतं. म्हणून पाहणीला तहसीलदारसाहेब येणार होते, नेमके त्याच जेवणाच्या दिवशी. वस्तीतलाच नागसेन आता वकील झालाय; त्याने सगळ्यांना बजावलं, बोलायचं एकानेच, आपसात वाद नको, नाहीतर जागा हातची जाईल. दुर्गाबाईंनी मान डोलावली. त्यांना त्याच मातीत पुन्हा घर बांधायचं होतं, दुसरी इच्छाच उरली नव्हती.

साहेब आले, नागसेन बोलू लागला. तेवढ्यात जुन्या शेजारणीने, माणिकबाईंनी, आपलं ताट हातभर सरकवलं आणि दुर्गाबाईंचा पारा चढला. तिथे आमची न्हाणी आहे, जेवायला बसू नको, असं त्यांनी सुनावलं. माणिकबाईही काही कमी नव्हत्या.

"अन् तुह्या न्हानीचं पानी माह्या चुलीपर्यंत येत होतं, ते काहून नाही सांगत?"

मग काय, दोघी पदर खोचून उभ्याच राहिल्या. उतार कुठे, दार कुणाचं, बोरीचं झाड कुणी तोडलं, सगळं निघालं. नागसेनने कपाळाला हात लावला. साहेब मात्र जवळ आले आणि न्हाणी नेमकी कुठे म्हणून विचारू लागले. दोघींनी एकाच जागेकडे बोट दाखवलं. माणसांनी तिथली माती उकरली, तर घासून गुळगुळीत झालेला न्हाणीचा दगड निघाला आणि त्याच्यापुढे थेट माणिकबाईंच्या अंगणाकडे गेलेली मोरी.

साहेबांना हसू आवरेना. इथे वस्ती होती, असं त्यांनी जागेवरच पंचनाम्यात लिहिलं आणि माळ जिनिंगला देता येणार नाही, असं पुढाऱ्यांना तोंडावर सांगितलं.

दुर्गाबाई त्या दगडावर हात फिरवत बसल्या. आता त्यांचंच रडू थांबेना. माणिकबाई शेजारी येऊन टेकल्या.

"घर बांधशीन तं इथंच बांध," त्या म्हणाल्या. "येऊ दे पानी माह्याकडं. मले शेजारीन तूच पायजे."