एक दिवस उशिरा दिलेली तार

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्ट्या पेटल्या होत्या, पण शहर अजून उभं राहायचं होतं. सेक्टर दोनमध्ये क्वार्टर्सच्या रांगा बांधून होत होत्या आणि त्यांच्या पलीकडे लाल मुरमाचं मोकळं माळरान होतं. त्या माळरानाच्या कडेला आमचं हॉस्टेल होतं. कारखान्यात कामाला लागण्याआधी दोन वर्षं शिकणारी पोरं तिथे राहत. सकाळी वर्ग, दुपारी वर्कशॉप. केरळचे होते, पंजाबचे होते, आंध्र-बंगालचे होते, आणि आमच्यासारखे मराठी बोलणारे पाच-सात.

प्रत्येक ब्लॉकला पोरांमधलाच एक प्रीफेक्ट असे. आमच्या ब्लॉकचा प्रीफेक्ट मी होतो. माझ्यात काही विशेष होतं म्हणून नव्हे. आमचं घर तीन पिढ्यांपासून दुर्गचं, त्यामुळे हिंदी आणि छत्तीसगढी दोन्ही मला घरच्यासारख्या येत, आणि इंग्रजीत अर्ज लिहिता येई. वॉर्डनसाहेब फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि हजेरीचं रजिस्टर हातात दिलं.

"हाज़िरी लेना, झगड़ा निपटाना, बीमार को अस्पताल पहुँचाना," ते म्हणाले. "और डाक. लड़कों की डाक जैसे ही आए, वैसे ही देना."

मला वाटलं, यात काय एवढं. पण त्या कामानं मला पुष्कळ शिकवलं, हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगितल्यावर त्याची आठवण राहायची नाही. दुर्गच्या घरात मी कधी कुणाच्या उशाशी बसलो नव्हतो. इथे मलेरियानं फणफणलेल्या पोरांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मेसमध्ये भात आणि पोळीवरून ताटं आपटायची वेळ यायची, तेव्हा दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला शिकलो. ज्याची भाषा येत नाही त्याच्या शेजारी नुसतं बसून राहायचं असतं, हेही तिथेच कळलं. घरून पहिल्यांदाच बाहेर पडलेली ती पोरं मला "दादा" म्हणायला लागली. मी त्यांच्याहून एखाद्या वर्षानं मोठा असेन. पण दादा म्हटलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळ्यांचं भलं कळतं.

माझ्या शेजारच्या खोलीत भंडाऱ्याकडचा एक जण होता. तुमसरपासून आत कुठेतरी त्याचं गाव. वडील तो लहान असतानाच गेलेले. आईनं आणि मोठ्या बहिणीनं धानाची शेती करून त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. आमची दोघांची मराठी तशी एकाच मातीची, पण माझ्यात हिंदी इतकी मिसळलेली की तो हसायचा. "तू मराठी बोलून राहिला का हिंदी, आधी ते सांग मले," म्हणायचा. दर दोन महिन्यांनी त्याच्या घरून जवसाच्या चटणीचा डबा यायचा. त्याच्या आईला लिहिता येत नव्हतं. गावच्या मास्तरांकडून ती पत्र लिहून घ्यायची. तो ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मधे थांबून सांगायचा, "हे मास्तरचं वाक्य होय. माही माय असं नाही बोलत."

त्या हिवाळ्यात त्याच्या नावानं एक तार आली. आई गंभीर आजारी, ताबडतोब निघ. मी धावत जाऊन त्याला दिली. तो अंगावरच्या कपड्यांनिशी स्टेशनवर पळाला. चार दिवसांनी परत आला तो हसत. आई ठणठणीत होती. बहिणीचा साखरपुडा ठरला होता आणि रजा मिळावी म्हणून मास्तरांनी तशी तार ठोकली होती. तेव्हा असं सर्रास चालायचं. आमच्या हॉस्टेलात दर महिन्याला कुणाची तरी आई तारेत आजारी पडायची आणि पोरगा लग्नाचे लाडू घेऊन परतायचा. त्याच्या तारेची गोष्ट ब्लॉकभर रंगली. वॉर्डनसाहेब तेवढे चिडले. पुढच्या वेळी खरंखोटं बघून सोडीन म्हणाले.

उन्हाळा लागताना आमची पहिल्या वर्षाची शेवटची चाचणी आली. तो फिटर होता. लोखंडाचे दोन तुकडे कानसीनं घासून एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. जो नापास होईल त्याला मागच्या तुकडीबरोबर पुन्हा बसावं लागे. महिनाभर तो झोपेतसुद्धा हात हलवायचा.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास तारवाला आला. वॉर्डनसाहेब रायपूरला गेले होते. सही मी केली. हॉस्टेलात आलेल्या तारा ऑफिसात उघडायची पद्धत होती, तशी ती उघडली. तेच शब्द होते. आई गंभीर, ताबडतोब निघ.

संध्याकाळची पॅसेंजर मिळण्यासारखी होती. पण गेला असता तर चाचणी बुडाली असती. आणि मला वाटलं, पुन्हा तेच असेल. बहिणीचं लग्न जवळ आलंय. मास्तरांना काय ठाऊक इथे उद्या काय आहे ते. उद्या दुपारी चाचणी आटोपली की देऊ. एका दिवसानं काय होतं?

मी तार घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी मेसमध्ये तो माझ्या शेजारीच बसला. त्याच्या बोटांना कानसीनं चिरा पडल्या होत्या, म्हणून घास नीट धरता येत नव्हता. "उद्या हात कापले नाही पाहिजे, बस," म्हणाला. मी त्याला म्हटलं, "नाही कापणार." माझा आवाज बदलला असावा, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुले काय झालं बे?" मी म्हटलं, काही नाही, उन्हानं डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास तो वर्कशॉपमधून बाहेर आला तो जवळजवळ उड्या मारतच. "नाही दिसला रे उजेड! साहेबानं दिव्यासमोर धरून पाह्यलं. नाही दिसला!" त्यानं माझे दोन्ही खांदे धरले. मी खिशातून तार काढून त्याला दिली.

त्यानं वाचली. मग वरचा तारखेचा शिक्का वाचला. खोलीत जाऊन पिशवीत धोतर आणि सदरा कोंबला. मी पिशवी घ्यायला गेलो तर दिली. स्टेशनपर्यंत आम्ही त्या उन्हात चालत गेलो. गाडी दिसायला लागली तेव्हा त्यानं विचारलं, "काल आली होती?"

"हो. तीन वाजता."

"कालची गाडी होती."

"होती," मी म्हटलं. "मला वाटलं, मागच्यासारखंच..."

त्यानं माझ्या हातातून पिशवी घेतली. मी म्हटलं, मी येतो तुझ्यासोबत. तो म्हणाला, "तू नको येऊ."

त्याची आई त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गेली होती. म्हणजे तो इथे कानस चालवत होता तेव्हा. पहाटेपर्यंत शुद्धीवर होती आणि दारात कुणी आलं की तोच आला का म्हणून विचारत होती. उन्हाचे दिवस, थांबता येईना, संध्याकाळी चुलतभावानं अग्नी दिला. तो रात्री पोचला. हे सगळं मला हॉस्टेलातल्याच, त्याच्या बाजूच्या गावच्या एका पोरानं घरच्या पत्रावरून सांगितलं.

मी वॉर्डनसाहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"मैं होता तो शायद मैं भी यही करता," ते म्हणाले. "पर ग़लत तो है." मग रजिस्टर माझ्याकडे सरकवून म्हणाले, "यह वापस ले जा. नया लड़का यह सब फिर शुरू से सीखेगा."

तेरवी करून तो परतला. डोक्यावर नुकते केस उगवत होते. चाचणीचा निकाल लागला होता, तो आमच्या तुकडीत दुसरा आला होता. मी त्याच्या खोलीत गेलो. तो पलंगावर बसला होता, मला त्यानं बस म्हटलं. मी बोलायला लागलो, तर त्यानं हात वर केला.

"तू वाईटासाठी नाही केलं, मले समजते," तो म्हणाला. "अन् तू तार देल्ली असती तरी मी कदाचित परीक्षाच देल्ली असती. कोणाले ठाऊक. लय मेहनत केली होती मी. माय बी म्हणली असती, दे म्हणून." तो थांबला. "पण ते मी ठरवलं असतं ना. माही माय होती. तू कावून ठरवलं?"

मी उठून माझ्या खोलीत आलो.

त्यानं कधी तक्रार केली नाही, कुणाला सांगितलंही नाही. फक्त पुढच्या महिन्यात दुसऱ्या ब्लॉकमध्ये खोली मागून घेतली. त्या अर्जावर प्रीफेक्ट म्हणून माझी सही लागत होती. मी केली.

आणखी आठ महिने मी ते काम केलं. आंध्रच्या एका पोराची तार आली तेव्हा तो कारखान्यात होता. गेटवरच्या शिपायानं पास नाही म्हणून मला अडवलं. मी त्याच्याशी इतका भांडलो की शेवटी त्यानंच आत माणूस पाठवला. त्या पोराचे वडील पुढे बरे झाले. तो माझ्यासाठी घरून आंब्याचं लोणचं घेऊन आला. सगळ्यांनी खाल्लं, मला काही ते खाववलं नाही.

पुढे आम्ही दोघंही याच कारखान्यात चिकटलो. तो रोलिंग मिलमध्ये, मी दुसऱ्या विभागात. बाजारात भेट व्हायची. "बरं आहे ना?" "बरं आहे." मुलांच्या शाळा, बदल्या, कुणाला कुठलं क्वार्टर मिळालं, एवढंच. त्यानं माझ्याशी वाकडेपणा कधी केला नाही. आमच्या घरच्या कार्यांना आला, जेवून गेला. पण शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप मारून मला बोलावणारा तो मला पुन्हा भेटला नाही.

तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. मी तेव्हा सांत्वनाला गेलो, तर त्याची बायको म्हणाली, "तुमचं नाव घेत ते. हॉस्टेलात तुमी त्यायले लय सांभाळलं म्हणत. परीक्षेच्या वक्ताले तर..."

मी म्हटलं, "वहिनी, तसं नाही ते. तुम्हाला एक सांगायचं आहे."

तेवढ्यात तिच्या माहेरची माणसं आली. ती डोक्यावरचा पदर सावरत उठली, मुलीला म्हणाली, काकांना चहा दे. मी चहा घेतला. थोडा वेळ थांबलो. आत बायकांचं रडणं सुरू झालं, तेव्हा उठून बाहेर आलो.