पूल जाळण्याचा हुकूम

कवळीवाल्यांचा दिवस परक्यांच्या जबड्यांवर जाई. दंतवैद्यांकडून आलेल्या मापांत प्लास्टर ओतायचे, मेणात दात रोवायचे, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा. माणूस कधी नजरेला पडत नसे. तो डाव्या बाजूने चावतो की उजव्या, हे मात्र ते छातीठोक सांगत. हातात असे कसब असल्यामुळेच नवऱ्याचा छंद हाताबाहेर गेला, असे त्यांच्या बायकोचे मत होते, आणि उपलब्ध पुरावा पाहता ते खोडून काढणे अवघड आहे.

छंद जुन्या लढाया टेबलावर पुन्हा लढण्याचा. पेराएवढे सैनिक, भुशाचे माळ, फासे आणि नियमांचे जाडजूड बाड. त्यातही कित्येक वर्षे त्यांना एकाच लढाईने पछाडले होते. हरलेले सैन्य नदीपार माघार घेते. पिछाडीची एक तुकडी पुलाच्या अलीकडे शत्रूला थोपवून धरते. शेवटची गाडी पार होताच सेनापती पूल जाळतो आणि तुकडी अलीकडेच राहते. या प्रसंगाच्या दोन हकिगती सापडतात: एक पूल ओलांडलेल्याची, दुसरी पाठलाग करणाऱ्याची. पूल जळाला, एवढे सोडले तर दोघांचे कशावरही एकमत नाही. तुकडीची बाजू सांगणारे साधन उपलब्ध नाही. का नाही, हे उघड आहे.

युद्धखेळ मंडळाची अट साधी होती. वार्षिक मेळाव्यात ही लढाई मांडायची असेल, तर ती चाचणीत निदान एकदा तरी इतिहासाला धरून संपली पाहिजे. ती तशी संपतच नसे. शेवटची गाडी पार झाली की कवळीवाले सेनापती या नात्याने म्हणत, "जरा थांबा," आणि सुखरूप पोचलेल्या दोन पलटणी तुकडीच्या मदतीला माघारी वळवत. पुलावर चेंगराचेंगरी होई. पाठलागाची बाजू खेळणारा त्यांचा मेहुणा आनंदाने फासे टाकी, आणि तुकडीसकट सगळे सैन्य नदीच्या पोटात जाई. कवळीवाल्यांनी मग फाशांना दोष दिला, नदी रुंद केली, नियमांत पोटनियम घुसवले. रोग एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

रोग असा होता: मुख्य सैन्य साच्यातून ओतलेले, सगळ्यांचे तोंड एक. पिछाडीचे बेचाळीस मात्र त्यांनी एकेक करून मेणात कोरले होते, आणि कोरायला तोंडे हवीत म्हणून आपल्याच माणसांची घेतली होती. थोरल्या चुलत्यांची पुढे आलेली हनुवटी, आत्याच्या यजमानांचे फेंदारलेले ओठ. आणि पुलाच्या तोंडाशी, मोडक्या गाडीवर पाय रोवून, सासरे. सासऱ्यांना जाऊन वर्ष झाले होते. त्यांची शेवटची कवळी जावयानेच केली होती. टोचते म्हणून त्यांनी ती कधी घातली नाही.

यंदाची शेवटची चाचणी मंडळाच्या खोलीत झाली. ही हुकली की लढाई यादीतून कायमची वगळायची, असे मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त भूमापक, यांनी आधीच बजावले होते. पुढे बाजारात जायचे म्हणून बायकोही पिशवी घेऊन खुर्चीवर टेकली होती. शेवटची गाडी पार झाली. अध्यक्षांनी हुकूम मागितला.

"जरा थांबा," कवळीवाले म्हणाले.

"भाऊजी, मी आता थांबून थांबून म्हातारा होईन," मेहुणा म्हणाला.

कवळीवाल्यांचा हात दोनदा पलटणींकडे गेला आणि दोनदा मागे आला. अखेर त्यांनी नियमांच्या बाडातले एक कलम उघडून दाखवले: सेनापती जखमी झाल्यास हुकूम त्याने नेमलेल्या व्यक्तीने द्यावा. जखम कुठे झाली, असे अध्यक्षांनी विचारले. तसा तपशील कलमात मागितलेला नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी बायकोला नेमले.

ती उठली, चष्मा सावरून पुलाशी वाकली आणि तशीच राहिली.

"हे आबा का हो?"

"हो."

"कवळी घातलीय?"

"नाही."

"मग आबाच." तिने पदराच्या टोकाने त्या मूर्तीवरचा भुसा टिपला. "जाळा पूल. तुम्ही न्यायला गेलात तरी ते यायचे नाहीत. वर चिडतील, मला काय म्हातारा समजलात म्हणून."

अध्यक्षांनी पूल उचलून पेटीत ठेवला. इतिहासाप्रमाणे आता पाठलाग करणाऱ्यांनी तुकडी कापून काढायची होती. मेहुणा फासे खुळखुळवत पुढे झाला, त्यानेही वाकून पाहिले, आणि खुळखुळ थांबली.

"ताई, आबांवर मी फासे टाकायचे?"

पूल जळाला तेव्हाच अट पुरी झाली, पुढचे खेळण्याचे कारण उरत नाही, असा निर्णय अध्यक्षांनी दिला आणि लढाई मेळाव्यासाठी मंजूर केली. मेहुण्याने फासे खाली ठेवले.

तुकडी घटकाभरात कापली गेली, हे पाठलाग करणाऱ्याच्या हकिगतीतले विधान आजवर साऱ्या अभ्यासकांनी निमूट मान्य केले होते. कवळीवाल्यांनी मेळाव्याच्या माहितीपत्रकात ते संशयास्पद ठरवले आहे.