दोघांचीही बुर्जी

शिवाजी पेठेतल्या तालमीच्या माडीवर बुद्धिबळाची निवड स्पर्धा भरली होती, आणि खालच्या कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीचा, हळद-ताक मुरलेला ओलसर गंध जिना चढून थेट पटापर्यंत येत होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पत्रकं लिहिणारा, सदा तापलेला पोरगा. त्या सकाळी दारातच ताजं पत्रक वाटलं होतं: ‘बरोबरी हा भेकडांचा तह आहे!’ चार चालींत हात मिळवून अर्धा-अर्धा गुण वाटून घेणाऱ्यांची मला मनस्वी चीड होती.

शेवटच्या फेरीत समोर आले कोडोलीचे अण्णा, साठी ओलांडलेले शेतकरी. जिंकेल तो जिल्हा संघात. बरोबरी झाली तर दोघंही घरी.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं लोटलं. अण्णांनी एकच. जन्म गावच्या पारावर देशी डाव खेळण्यात गेलेला; त्यात प्याद्याला दोन घरांची उडी नसते. माघातल्या उन्हाच्या तिरिपेत त्यांची प्यादी, उगवत्या पिकातून पाऊल जपून टाकावं तशी, एकेक घर सरकत राहिली, आणि घोषणा देत सुटलेला माझा हल्ला त्या संथ कुंपणावर आपटून विरून गेला. दुपार कलली तेव्हा माझ्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं होतं. त्यांच्याकडे राजा आणि हत्ती.

प्यादं हत्तीच्या तोंडात होतं. मारलं की डाव त्यांचा. अण्णांचा हात उठला, थबकला, आणि हत्ती शह देत भलतीकडेच गेला. देशी डावात समोरचा राजा एकटा पडला की बुर्जी, म्हणजे बरोबरी. म्हणून शेवटचं मोहरं कुणी मारत नाही. इथं तो नियम नव्हता. राजाच्या आडोशानं माझं प्यादं टोकाला पोचलं, वजीर झालं. त्याला हत्तीनं मारलं, हत्तीला माझ्या राजानं. पटावर दोन राजे उरले.

“आता दोघांचीबी बुर्जी की रं!” अण्णा खदखदून हसले.

उखडलो मीच. “मारायचं हुतं की प्यादं! संघात गेला असतासा. नियम ठाऊक न्हाय व्हय?”

“ठाऊक हाय की. पर हातच जाईना बघ. समोरच्याचं शेवटचं काढून घ्यायची सवयच न्हाय, पोरा.”

मग खिडकीत बसून त्यांनी फडकं सोडलं, माझंच पत्रक भाकरीखाली अंथरलं, आणि अर्धी मोडून माझ्यापुढं सरकवली. “घे. भेकडाची हाय, पर ताजी हाय.”

आजही सभेत वाद रंगतो, समोरच्याचे सारे मुद्दे पडतात, एकच उरतो, दुबळा, माझ्या तावडीतला. जीभ सरसावते. तेवढ्यात कुठूनशी ओल्या मातीची झुळूक येते, आणि जीभ क्षणभर थबकते.